सैतान मुंबईतच बसलाय असं कशावरून?

पत्र थोडक्यात असं: नागपूरच्या जिल्हा न्यायालयात फौजदारी प्रॅक्टिस करणाऱ्या एका तिशीतल्या वकिलाने लिहिलंय. मूळ गाव तालुक्याचं, शिक्षण नागपुरात, बरीच वर्षं एका सिनियरच्या हाताखाली काम. उलटतपासणी चांगली घेतो असं आता नाव व्हायला लागलंय. मुंबईहून एका मॅटरसाठी आलेल्या मोठ्या वकिलांनी त्याचं काम पाहिलं आणि 'माझ्या ऑफिसला या' म्हणाले, पैसे इथल्यापेक्षा कितीतरी जास्त, वर राहायला फ्लॅट. त्याच सुमारास नवराबायकोने घरी 'द डेव्हिल्स अ‍ॅडव्होकेट' पाहिला. बायको इथल्या शाळेत शिकवते, सिनेमा संपल्यावर ती काही बोलली नाही, पण तेव्हापासून मुंबईचा विषय निघाला की उठून जाते. आई म्हणते असल्या केसेसचा पैसा घरात नको. आणि याच्या हातात सध्या पोक्सोची (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखालची) एक केस आहे, अशिलाने ते केलं असावं असं याला आतून वाटतं आणि मुलीची साक्ष जवळ आलीये. विचारतो, मुंबईला जाऊ का, ही केस सोडू का, आणि मोठं व्हायची इच्छा असणं हेच मुळात पाप आहे का. सिनेमा आपल्यासाठी इशारा म्हणून आला असं त्याला वाटतंय. (केसचे सगळे तपशील मी काढून टाकलेत, त्याबद्दल पुढे बोलते.)

भाऊ, तुमच्या पत्रात एक गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत दोनदा आलीये, की मी आत्तापर्यंत साधा माणूस आहे, मुंबईला गेलो तर बदलून जाईन. मी इथूनच सुरू करते, कारण सिनेमा तुम्ही पूर्ण पाहिलाय पण त्याची सुरुवातीची काही मिनिटं तुमच्या मनातून निसटली असं मला वाटतंय.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते (आणि शेवटही सांगणार आहे, तेव्हा ज्यांना बघायचाय त्यांनी आधी बघून या). १९९७ चा सिनेमा, दिग्दर्शक टेलर हॅकफोर्ड, अँड्र्यू नायडरमन यांच्या १९९० च्या कादंबरीवरून केलेला. फ्लोरिडातल्या गेन्सव्हिल या शहरातला केविन लोमॅक्स, म्हणजे कियानू रीव्ह्ज, एकही केस न हरलेला तरुण वकील. त्याला न्यूयॉर्कच्या बड्या लॉ फर्मचं बोलावणं येतं, पैसा येतो, मोठं घर येतं, आणि त्या फर्मचा प्रमुख जॉन मिल्टन, म्हणजे अल पचिनो, हा खुद्द सैतान निघतो. केविनची बायको मेरी अ‍ॅन, शार्लीझ थेरॉन, तिकडे एकटी पडत जाते, तिला भयंकर भास व्हायला लागतात आणि शेवटी ती जिवानिशी जाते.

आता सुरुवात आठवा. केविन एका शिक्षकाचा वकील आहे, आरोप विद्यार्थिनीशी गैरवर्तनाचा, म्हणजे तुमच्या हातात आहे तशीच केस. मुलगी साक्ष देत असताना, कोर्टात बसल्या बसल्या केविनला कळून चुकतं की आपल्या अशिलाने हे केलेलं आहे. मधल्या सुट्टीत तो बाथरूममध्ये जातो, तिथे एक पत्रकार त्याला डिवचतो की कधी ना कधी सगळेच हरतात बाबा. बस, एवढंच होतं. तो परत येतो आणि त्या पोरीला प्रश्न विचारून विचारून असं उघडं पाडतो की आरोपी सुटतो. मग संध्याकाळी सेलिब्रेशन. आणि न्यूयॉर्कचा माणूस येतो तो या सगळ्याच्या नंतर! म्हणजे केविनने जे काही गमावलं ते गेन्सव्हिलमध्येच गमावलं होतं, देवभोळ्या आईच्या गावात, जिथे त्याला सगळे ओळखतात. सैतानाला त्याला बिघडवायचं काम पडलंच नाही, तो फक्त तयार माल घ्यायला आला.

म्हणून नागपूर म्हणजे साधेपणा आणि मुंबई म्हणजे मोह हे समीकरण मला मान्य नाही. सिव्हिल लाइन्समध्ये राहूनही माणूस साक्षीदार फोडू शकतो, तारखांवर तारखा घेऊन समोरच्याला थकवू शकतो, गरीब अशिलाच्या नातेवाइकांना घरची गाय विकायला लावू शकतो. हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जवळून पाहिलं असेल. आणि मुंबईत सरळ वकिली करून मोठे झालेले लोकही आहेतच की.

दुसरा प्रसंग, जो मला त्या भुताखेताच्या सगळ्या सीन्सपेक्षा जास्त भीतीदायक वाटतो. केविन एका अब्जाधीश बिल्डरची खुनाची केस लढतोय, इकडे बायको पार कोसळलेली, आणि मिल्टन स्वतःहून म्हणतो की केस सोड, बायकोकडे लक्ष दे, तुला कुणी काही म्हणणार नाही. सैतान स्वतः दार उघडं करून देतोय बघा! आणि केविन काय म्हणतो तर, मला भीती ही वाटते की मी केस सोडली, ती बरी झाली, तर मी तिचा राग राग करीन. पुढे एक साक्षीदार खोटं बोलणार आहे हे त्याला जाणवतं, तेव्हाही मिल्टन सुचवतो की कदाचित या वेळी तुझी हरायची पाळी असेल. तो नाही म्हणतो. त्याला हरताच येत नाही. त्या सिनेमात कुणीही त्याच्या डोक्याला पिस्तूल लावत नाही, प्रत्येक वेळी निवड तोच करतो, आणि मिल्टन शेवटी त्याला हेच तोंडावर सांगतो.

तेव्हा मोठं व्हायची इच्छा पाप आहे का या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर नाही असं आहे, साफ नाही. तालुक्याच्या गावातून येऊन कोर्टात नाव कमावणं ही अभिमानाची गोष्ट आहे आणि तुमच्या आईलाही आतून तो अभिमान असणारच. पण त्याऐवजी एक दुसरा प्रश्न स्वतःला विचारा, मला हरता येतं का? शेवटची हरलेली केस आठवा. त्या दिवशी घरी कसे वागलात, जेवलात का, बायकोशी कसं बोललात, सरकारी वकिलाबद्दल काय बोललात, जजबद्दल काय बोललात. आणि हरलात ते काम चांगलं करून हरलात की वाईट करून, हे तुम्हाला तेव्हा वेगळं करता आलं का? उत्तर मला पाठवू नका, तुमच्यापुरतंच असू द्या. पण मुंबईला जायचं की नाही यापेक्षा हे जास्त महत्त्वाचं आहे असं मी खरंच मानते.

आता आईचं म्हणणं. माऊलीचं दुखणं मला कळतं, पण बचावाचं काम म्हणजे सैतानाचं काम हे मी मानणार नाही. आपल्या राज्यघटनेच्या कलम २२ मध्ये अटक झालेल्या माणसाला आपल्या पसंतीच्या वकिलाचा हक्क दिलाय. बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या देशपातळीवरच्या नियामक संस्थेचे नियम तर स्पष्ट सांगतात की आरोपी दोषी आहे की नाही याबद्दल वकिलाचं वैयक्तिक मत काहीही असो, त्याने बचाव करायचा आहे, कारण पुरेसा पुरावा नसताना कुणाला शिक्षा होऊ नये हीच कायद्याची मागणी आहे. २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने मोहम्मद रफी विरुद्ध तामिळनाडू राज्य या प्रकरणात सांगितलं की 'अमुक आरोपीचं वकीलपत्र आमच्यापैकी कुणी घेणार नाही' असे बार असोसिएशनचे, म्हणजे वकील संघटनांचे, ठराव बेकायदेशीर आहेत. आईला हे कलमं वाचून पटणार नाही, मला माहितीये. तिला एवढंच विचारा की उद्या आपल्या घरातल्या कुणाला खोट्या केसमध्ये अडकवलं तर आपण कुणाकडे जायचं?

पण आई जे म्हणून राहिली त्यातही एक खरं आहे आणि ते नागपूरच्या माणसाला वेगळं समजवायला लागत नाही. १३ ऑगस्ट २००४ ला आपल्याच जिल्हा न्यायालयात अक्कू यादव या गुंडाला जमावाने ठार मारलं, त्यात कस्तुरबा नगर वस्तीतल्या बाया होत्या, वर्षानुवर्षं त्याचा त्रास सोसलेल्या, तक्रारी करून थकलेल्या आणि तो परत परत सुटून येताना पाहिलेल्या. त्या घटनेचं मी समर्थन करत नाही, कायदा असा हातात घेतला की पुढच्या वेळी कोण मारला जाईल सांगता येत नाही. पण कोर्टात आपलं कुणी ऐकणार नाही असं लोकांना ठामपणे वाटायला लागलं की काय होतं हे या शहराने पाहिलंय. बचावाचा वकील हवाच, आणि तक्रार करणाऱ्या बाईला, मुलीला कोर्टात माणूस म्हणून वागवलं जाईल हा भरवसाही हवाच. दोन्ही एकाच दालनात, एकाच दिवशी. तुमचं काम नेमकं या दोन्हींच्या मध्ये उभं राहायचं आहे म्हणून ते अवघड आहे.

आता हातातल्या केसकडे येते, आणि आधी थोडं रागावते. तुम्ही पत्रात अशिलाबद्दल जे लिहिलंत ते मला लिहायला नको होतं. वकील आणि अशील यांच्यातलं बोलणं गोपनीय असतं, आधी ते १८७२ च्या पुरावा कायद्यात होतं आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात आहे, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. मी तो भाग वाचून पुसून टाकलाय. बायकोलाही सांगू नका, मित्राला दोन पेग झाल्यावर तर अजिबात नाही. मन मोकळं करायचंच असेल तर तुमच्या सिनियरशी बोला, ते त्याच केसमध्ये आहेत, आणि त्यांनी तुमच्याआधी अशा कितीतरी रात्री काढल्या असतील.

केस सोडायची का? सिनेमाच्या शेवटी केविन परत त्याच बाथरूममध्ये आलेला असतो, जणू सगळं पुन्हा करायची संधी मिळालीये, आणि या वेळी तो कोर्टात उभा राहून सांगतो की मी या अशिलाचा वकील राहू शकत नाही. आपल्याला बरं वाटतं. पण लगेच तोच पत्रकार मागे येतो, म्हणतो तुझ्यावर मोठी स्टोरी करू, तत्त्वासाठी केस सोडणारा वकील, तू स्टार होशील. आणि केविन हो म्हणतो. पत्रकार निघून जाताना तो मिल्टनच असल्याचं आपल्याला दिसतं. चांगलं वागल्याची टाळीसुद्धा त्याला हवीहवीशी वाटली, आणि सैतानाला तेवढी फट पुरली. म्हणून तुम्हाला विचारते, केस सोडायचा विचार मनात आला तेव्हा डोळ्यासमोर ती मुलगी आली की 'मी सोडली' हे आई-बायकोला सांगतानाचं तुमचं स्वतःचं चित्र आलं?

आणि प्रत्यक्षात काय होईल तेही बघा. सिनेमात साक्षीच्या मधोमध वकील बाजूला होतो तो सीन छान दिसतो, पण आपल्याकडे ऐनवेळी तुम्ही बाजूला झालात तर नवा वकील येणार, तो फाइल वाचायला वेळ मागणार, तारीख पडणार, आणि ती पोरगी परत कधीतरी आईचा हात धरून कोर्टात येणार. पोक्सो कायद्याच्या कलम ३३ मध्येच लिहिलंय की मुलाला साक्षीसाठी पुन्हा पुन्हा बोलावलं जाऊ नये याची काळजी कोर्टाने घ्यावी, आणि कलम ३५ नुसार मुलाची साक्ष कोर्टाने दखल घेतल्यापासून ३० दिवसांच्या आत नोंदवली जावी अशी अपेक्षा आहे. तुमच्या सुटकेची किंमत तिने भरायची हे काही बरोबर नाही. बार कौन्सिलचा नियमही सांगतो की एकदा घेतलेलं काम पुरेसं कारण आणि वाजवी नोटीस असल्याशिवाय सोडायचं नाही, आणि सोडलंच तर न केलेल्या कामाची फी परत करायची. त्यामुळे सोडायचं असेल तर आज ठरवा, साक्षीच्या कितीतरी आधी, सिनियरशी बोलून, अशिलाला दुसरा वकील करायला वेळ देऊन, आणि त्याची गावभर वाच्यता न करता.

माझं मत विचाराल तर मी म्हणेन सोडू नका, पण एका अटीवर. 'वाटतंय' आणि 'माहितीये' यातला फरक आधी नीट करा. वाटण्यावरून न्याय करायचं काम तुमचं नाही, ते कोर्टाचं. पण अशील तुम्हाला खोटा साक्षीदार उभा करायला सांगत असेल, कागद बदलायला सांगत असेल, मुलीच्या घरच्यांवर दबाव आणत असेल, तर तिथे थांबायचं, त्याला रोखायचं, आणि तो ऐकतच नसेल तर वकीलपत्र सोडायचं. नियमांमध्येच आहे की वकील म्हणजे अशिलाचं नुसतं तोंड नाही. फक्त त्या कारणाने सोडलंत तर तुमच्या सोडण्याला अर्थ आहे.

आणि तिची उलटतपासणी. इथे मला तुम्हाला सगळ्यात जास्त धीर द्यायचाय, कारण सिनेमातला तो पहिला सीन आपल्या कायद्याने तसा होऊच शकत नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार तुम्ही मुलीला थेट प्रश्न विचारायचे नसतात, प्रश्न कोर्टाला द्यायचे आणि कोर्ट ते तिला विचारतं. आक्रमक प्रश्न आणि चारित्र्यावर शिंतोडे उडवणं याला कोर्टाने परवानगी द्यायचीच नाही असं कलम ३३ मध्ये स्पष्ट आहे, आणि साक्षीच्या वेळी आरोपी तिच्या नजरेसमोर येणार नाही ही काळजी कलम ३६ मध्ये आहे. तुम्ही हे रोज वापरता तरी मी लिहितेय, कारण हे वाचणाऱ्या कितीतरी आयांना हे माहिती नाही आणि त्या भीतीनेच त्या पोलिसात जात नाहीत. (माहिती असूनही सगळ्या कोर्टात हे काटेकोर पाळलं जातं असं मी म्हणणार नाही, पण तुम्ही तर पाळू शकता ना.)

तर साक्षीच्या आदल्या रात्री प्रश्नांची यादी काढून बसा. वेळ, जागा, फिर्याद द्यायला उशीर का झाला, आधीचा जबाब आणि आत्ताचा यात कुठे फरक आहे, हे सगळं तुम्ही विचारायलाच पाहिजे, तो आरोपीचा हक्क आहे आणि त्यात कमी पडलात तर तीही बेइमानीच. पण ज्या प्रश्नाचा उपयोग फक्त तिला लाजवायला, रडवायला किंवा तिच्या मैत्रिणींसमोर खोटं ठरवायला आहे तो काढून टाका. ओळखायचा कसा? समजा निकाल आधीच ठरलाय आणि तुम्ही हरणारच आहात, तरीही पुरावा तपासायला हा प्रश्न विचारला असता का? हो असेल तर ठेवा. केविनने हा प्रश्न स्वतःला विचारला असता तर त्या दिवशी तो कदाचित हरला असता आणि बाकी सगळं वाचलं असतं.

आता तुमच्या बायकोबद्दल, आणि इथे मी थोडं थांबून बोलणार आहे. पत्रात त्यांच्याबद्दल तुम्ही जे लिहिलंय त्यात त्या एक तर अडचण आहेत किंवा शकुन. सिनेमा पाहून घाबरली, आता मुंबईला जाऊ देत नाही, असा एकंदर सूर आहे. पण त्या उठून जातात हे तुम्ही लिहिलंत, त्यांना काय वाटतं हे एका ओळीतही नाही, कारण बहुतेक तुम्ही विचारलंच नाही. कदाचित त्यांना सैतानाची भीती वाटलीच नसेल! मेरी अ‍ॅनचं काय झालं ते आठवा. ती मोठ्या घरात दिवसभर एकटी, भिंतींना हिरव्या रंगाच्या वेगवेगळ्या छटा लावून बघत बसते, आणि नवरा रात्री उशिरा येऊन म्हणतो की तू थकली आहेस. ती जे बघते ते खरं असतं आणि नवऱ्याला ते आजार वाटतं. एखाद्या बाईला हा सिनेमा बघताना त्या रिकाम्या घराची भीती वाटू शकते. तुमच्या बायकोची इथे नोकरी आहे, शाळेतल्या मैत्रिणी आहेत, माहेर जवळ असेल, आणि तुम्ही 'फ्लॅट मिळतोय' असं सांगता तेव्हा त्यांना ऐकू काय येतं याचा विचार करा. मुंबईत त्यांना नोकरी लागेपर्यंत किती दिवस जातील, त्या काळात त्यांच्या हातात स्वतःचे पैसे किती असतील, तुम्ही किती वाजता घरी याल, हे प्रश्न तुम्हीच काढा, त्यांनी काढायची वाट बघू नका.

आणि हे सगळ्यांसाठी: घरातलं कुणी गप्प गप्प राहायला लागलं, झोप उडाली, भास होतात असं सांगायला लागलं तर ते बाहेरचं काही आहे किंवा नाटक आहे असं म्हणून टाळू नका. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आपल्या नागपुरात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, मेडिकल कॉलेजांमध्ये मानसोपचाराचे विभाग आहेत, तिथे दाखवायला लाज वाटायचं काही कारण नाही.

मुंबईचं म्हणाल तर मला ती ऑफर वाईट वाटत नाही, अर्धवट वाटते. तुम्ही पैसे आणि फ्लॅट एवढंच लिहिलंत. काम कसं असेल? कोणती केस घ्यायची हे कोण ठरवणार, एखाद्या केसला मी नाही म्हणू शकतो का, माझं नाव वकीलपत्रावर असेल की मी फक्त ड्राफ्ट करणार, मी स्वतः बाजू मांडायला उभा राहीन की वर्षानुवर्षं मागे फाइल धरून बसेन, फ्लॅट कुणाच्या नावावर आहे आणि काम सोडलं तर किती दिवसांत रिकामा करायचा. हा शेवटचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण राहतं घर समोरच्याच्या हातात असलं की माणसाला नाही म्हणणं जड जातं, आणि नाही म्हणता येणं हीच तर तुमची चिंता आहे. त्या ऑफिसातून बाहेर पडलेल्या एकदोन ज्युनियर्सना गाठा, आत असलेल्यांना विचारून उपयोग नाही. साक्षीदाराची तयारी करून घेणं आणि साक्षीदाराला पढवणं यात ते ऑफिस फरक करतं का, हे त्यांना आडून विचारा.

पैशाची गरज मी कमी लेखत नाही. ज्युनियर वकिलाचे हाल आपल्या सगळ्या कोर्टांमध्ये आहेत, म्हणूनच बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये शहरी भागात निदान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये महिना मानधन द्यावं अशी शिफारस केली. शिफारसच आहे ती, सक्ती नाही. पण तुमच्या सध्याच्या सिनियरशी पैशाबद्दल तुम्ही कधी सरळ बोललात का? इतकी वर्षं त्यांची कोर्टं सांभाळलीत, आता तुमच्या नावावर लोक येतात, तर वाटा मागायचा हक्क आहे तुमचा. कितीतरी पोरं हे एक बोलणं टाळायसाठी शहर सोडतात.

आणि मोठं व्हायला मुंबईच लागते असंही नाही. नागपूरला १९३६ मध्ये स्वतःचं हायकोर्ट मिळालं होतं, आज मुंबई हायकोर्टाचं खंडपीठ आहे. शरद बोबडे आणि भूषण गवई या दोघांनी इथल्या खंडपीठात वर्षानुवर्षं वकिली केली आणि दोघेही पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले. तुम्ही जिल्हा न्यायालयातून हायकोर्टाच्या अपिलांकडे वळायचा विचार केलाय का? तेही पुढे जाणंच आहे, आणि त्यासाठी बायकोची शाळा सोडावी लागत नाही.

तरी जायचंच ठरलं तर मी अडवणार नाही, मनापासून शुभेच्छा देईन. फक्त एकदम सामान हलवू नका. वकिलीची सनद तीच चालते, हायकोर्ट तेच आहे, तेव्हा आधी काही महिने एकटे जाऊन काम करून बघा, विदर्भ एक्स्प्रेसने येत जा, इथलं घर राहू द्या. हातातल्या केसेस अशिलांना विचारून, सिनियरला सांगून रीतसर सोपवा, या पोक्सोच्या केससकट, आणि तीत निदान मुलीची साक्ष पूर्ण होईपर्यंत तुम्हीच राहा. परत यायचं दार बंद करून जाऊ नका.

जे वकील नाहीत पण हे वाचून त्यांना स्वतःचं काही आठवतंय त्यांच्यासाठी दोन शब्द. मला येणाऱ्या पत्रांमध्ये हाच प्रश्न वेगळ्या कपड्यात येतो, कुणी ऑडिटमध्ये सही करायला सांगितली म्हणून, कुणी हॉस्पिटलमध्ये तपासण्यांचं टार्गेट दिलं म्हणून, कुणी साइटवर कमी सिमेंट वापरून पूर्ण दाखवायला सांगितलं म्हणून. तुम्हीही आधी हेच बघा की तुम्हाला कामाचा त्रास होतोय की हरायचा, मागे पडायचा. आणि जे करायला सांगितलं ते कायद्यात बसत नसेल तर तोंडी ऐकू नका, मेलवर मागा. बऱ्याच वेळा सांगणारा तिथेच थांबतो.

भाऊ, तुम्ही या आठवड्यात दोनच गोष्टी करा. सिनियरकडे बसून साक्षीची तयारी आणि तुमच्या शंका दोन्ही बोलून घ्या. आणि मुंबईच्या ऑफरचा प्रत्येक तपशील, पैशाच्या आकड्यापासून फ्लॅटच्या पत्त्यापर्यंत, बायकोसमोर ठेवा, केसबद्दल एक अक्षर न बोलता, आणि त्यांना विचारा की तुला काय पाहिजे. त्या लगेच बोलणार नाहीत. मुंबईच्या वकिलांकडून पंधरा दिवस मागून घ्या, तुम्ही खरंच हवे असाल तर ते देतील.